आईला समुद्र दाखवायचाय: पितृपक्षात कोकण कसं असतं? (सोलापूरहून)

कांडीवाला
8 सप्टेंबर, रात्री 10:14

नमस्कार मंडळी. आमची आई 76 वर्षांची. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात उभी हयात कांड्या भरण्यात गेली. आता कान थोडे मंद झालेत आणि गुडघे बोलतात, बाकी खणखणीत. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, श्रीशैलम, तिरुपती सगळं झालं, समुद्र मात्र राहिला. मध्यंतरी टीव्हीवर नारळी पौर्णिमा दाखवत होते तर म्हणाली, "आपल्या नळाला चार दिवसांआड पाणी, आणि यांच्याकडं बघ किती सांडलंय."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. अडचण तारखांची. गणपतीत घर सोडता येत नाही. नवरात्रात आई रोज रूपाभवानीला जाते, कोजागरीला आम्ही तुळजापूरला चालत जातो. दिवाळीत कोकणातले दर ऐकूनच घाम फुटतो. म्हणजे उरतो तो अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हा पंधरवडा. मी, बायको, आई आणि मुलगी (वय 9). बजेट 15 हजार, ताणून 18. स्वतःची गाडी नाही.

तेव्हा पाऊस असतो का? हॉटेलं उघडी असतात का? समुद्र बघण्यासारखा असतो का नुसता गढूळ? आणि पितृपक्षात फिरायला जाऊ नये असं शेजारपाजार म्हणतंय, त्याचं काय करायचं तेही सांगा.

भुईकोट
8 सप्टेंबर, रात्री 10:31

जालालास तर जा की बे, इचारलालास कशाला. आईला गोव्याला ने, विषय संपला.

कांडीवाला
8 सप्टेंबर, रात्री 10:40

आई आणि गोवा? तूच समजाव तिला.

सड्यावरचा_मास्तर
8 सप्टेंबर, रात्री 11:52

मालवण तालुक्यात मास्तरकी करून निवृत्त झालोय. माझा होमस्टे नाही, त्यामुळे धंद्यासाठी सांगतोय असं समजू नका.

तुम्ही निवडलेला पंधरवडा उत्तम, पण समजून या. 26 मे ते 31 ऑगस्ट आमच्याकडे प्रवासी होड्या आणि पाण्यातले सगळे खेळ सरकारी आदेशाने बंद असतात. 1 सप्टेंबरला कागदावर सुरू होतात. समुद्र कागद वाचत नाही. वारा असला की बंदरात बावटा लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सुटत नाही. त्यामुळे किल्ला धरून बेत आखू नका. मिळाला तर प्रसाद समजा. स्कूबावाले पैसे घेऊन बुडवतील, पण खाली दिसणार काय? चार महिने नद्यांनी आणून ओतलेला गाळ बसायला वेळ लागतो. पाणी निवळतं ते नोव्हेंबरात.

मग काय मिळतं? बांगडा मिळतो. यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. ऑगस्टात समुद्र चिडलेला असतो, छोट्या होड्यांचे दिवस खरे सुरू होतात ते आत्ता. रापण लागते. ती तुमच्या आईला नक्की दाखवा. होडीतून अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन बाजूंनी तीस-चाळीस माणसं दोर ओढतात. दोन-तीन तास चालतं. उभ्या उभ्या बघता येतं, बसून तर जास्तच छान.

भातं पोटरीतून बाहेर पडलेली असतात, काही हळवी पिवळी पडू लागतात. सडे, म्हणजे कातळाची पठारं, फुललेले असतात. तेरडा, सोनकी. तुम्ही मे महिन्यात येऊन जो लाल कातळ बघता तोच हा, ओळखू येणार नाही.

पितृपक्षाचं म्हणाल तर आमच्याकडे घरोघर म्हाळ, म्हणजे पितरांची श्राद्धं, असतात. होमस्टेवाल्यांकडेही असणार. आधी फोन करून विचारा, "तुमचो म्हाळ कधी?" त्या दिवशी घरात गर्दी असते आणि मासे शिजत नाहीत. एवढं सांभाळलंत की झालं. आवशीक घेवन येवा, बिनधास्त.

घाटमाथ्यावर_चहा
9 सप्टेंबर, सकाळी 7:20

गाडी नाही म्हणताय, तरी रस्ता सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. सोलापूर-मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर. चौपदरी झाल्यापासून इतका सरळ आहे की चालवणाऱ्याला झोप येते. मंगळवेढ्याची काळी रानं, सांगोल्याची डाळिंबं, मग पवनचक्क्या, आणि मिरज आलं की ऊस. कोल्हापूरपर्यंत अडीचशेच्या आत किलोमीटर. तिथून खाली उतरायला रत्नागिरीसाठी आंबा घाट, मालवणसाठी गगनबावडा किंवा फोंडा, वेंगुर्ल्यासाठी आंबोली.

मी या दिवसांत फोंडा घेतो. राधानगरी-दाजीपूरचं जंगल लागतं, अधूनमधून गवे दिसतात आणि वळणं त्यातल्या त्यात सोसवणारी. गगनबावडा देखणा, पण तिथला पाऊस म्हणजे पाऊस. आपल्या सोलापूरला वर्षभरात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आंबोलीला सात हजार. आकडा परत वाचा.

कुठलाही घाट धरा, पण दुपारी तीनच्या आत उतरून मोकळे व्हा. जून-जुलैचा पाऊस समुद्राकडून येतो आणि दिवसभर रिपरिपतो. परतीचा पाऊस उलट्या बाजूनं, डोंगराकडून येतो. सकाळ लख्ख, दुपारपर्यंत उकाडा, मग चारच्या सुमारास सह्याद्रीवर काळं भरून येतं आणि विजांसकट कोसळतं. दरड नि धुकं नेमकं त्याच वेळी भेटतं.

सीनाकाठ
9 सप्टेंबर, सकाळी 8:05

कोकणातल्या पावसाचं काय सांगता, आपला स्वतःचा पाऊस पण सप्टेंबरातच. 2025 च्या सप्टेंबरअखेरीला सीनेला पूर आला तेव्हा पुणे आणि विजापूर दोन्ही महामार्ग काही काळ बंद होते. माझा मेव्हणा कोकणातून सुखरूप आला आणि घरापासून वीस किलोमीटरवर अडकला. निघताना तिकडचा अंदाज बघता तसा येताना इकडचा पण बघा.

रूळांवरचा
9 सप्टेंबर, सकाळी 9:47

रेल्वेनं मिरज-कोल्हापूरपर्यंत जाता येतं, कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे. पुढं रूळ नाहीत. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची चर्चा माझ्या लग्नाआधीपासून ऐकतोय, आता माझ्या पोराचं लग्न ठरलंय.

पुण्या-पनवेलमार्गे कोकण रेल्वे धरली तर कुडाळला उतरून मालवण गाठता येतं, पण सोलापूरकरांना ते डोक्यामागून हात घालून घास खाण्यासारखं. शिवाय पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात. आईंच्या गुडघ्यांना ते नको.

हवाई_होटगी
9 सप्टेंबर, सकाळी 10:02

सगळे एक गोष्ट विसरले. 9 जून 2025 ला होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. ते मोपाला उतरतं, आणि मोपा म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाच्या वेशीवरच. तिथून गाडीनं मालवण दोन तासांच्या आत-बाहेर. वेळापत्रक बघून घ्या, वार ठरलेले असतात.

कांडीवाला
9 सप्टेंबर, दुपारी 1:15

विमानाचं आईला विचारलं. म्हणाली, "समुद्र बघायचाय, आभाळ नको." शिवाय चौघांचं तिकीट आणि पुढची गाडी धरली तर बजेट तिथंच संपतं. एसटीनं जायचं ठरवतोय.

ओली_वाळू
9 सप्टेंबर, दुपारी 2:30

एसटीच घ्या. तुमच्या आई 75 च्या पुढं म्हणजे तिकीट शून्य. 2022 पासून आहे, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. बायकोला निम्मं, मुलीला निम्मं. चार माणसं दोन तिकिटांत. असा हिशेब आमच्याकडं जमला नाही, माझी सासू 74 ची. पण तिला पण निम्मं लागलंच.

आता जरा गंभीर. मुलगी 9 वर्षांची म्हणताय म्हणून लिहिते. या दिवसांत पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. मी अतिशयोक्ती करत नाही. लोकांना वाटतं मोठ्या लाटा फुटतात तिथं धोका. उलट आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी गप्प दिसतं, थोडं गढूळ, फेस आत चाललेला, तिथं ओढ असते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्या पन्हळीतून परत समुद्रात जातं. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण तिथं लाट नाही. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडं सरळ झुंजू नये, आडवं, किनाऱ्याला समांतर जावं, पट्टा अरुंद असतो. पण ही वेळ यायलाच नको. ऑफसीझनला किनारा रिकामा असतो हे सगळे कौतुकानं सांगतात. रिकामा म्हणजे ओढून काढायलाही कुणी नसतं.

आमच्याच बसमधल्या एका कॉलेजच्या पोरांचं काय झालं ते मी पाहिलंय. मुलगा वाचला. बाकी लिहीत नाही.

अक्कूबाई
9 सप्टेंबर, दुपारी 3:48

माझी तक्रार ऐका. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत एका ठिकाणी (नाव घेत नाही) आगाऊ पूर्ण पैसे भरले, ऑनलाइन. फोटोत समोर समुद्र. प्रत्यक्षात समोर निळं ताडपत्रीचं झापड, कारण पावसाळी शाकारणी अजून उतरवलेली नव्हती. स्वयंपाकीण गावाला गेलेली. "मॅडम, सीझनला या ना" म्हणे. मग फोटो सीझनचे असं लिहा की. पैसे मागितले तर मालक फोन उचलेना.

तेव्हा, आगाऊ चौथाई रक्कमच द्या. जेवण घरात होतं का बाहेरून येतं ते विचारा. आजच्या दिवसाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. जो अर्ध्या तासात पाठवतो तो माणूस घरात आहे.

सड्यावरचा_मास्तर
9 सप्टेंबर, सायंकाळी 6:10

अक्कूबाई, शेवटची युक्ती लाख मोलाची. आमच्या गावातही असे नमुने आहेत, लाज वाटते.

कांडीवाले, भरती-ओहोटीचा हिशेब शिकवतो, आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. चतुर्थीला तीन. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर जायला एवढं पुरतं. भरतीच्या सहा तास आधी नि सहा तास नंतर सुकती, म्हणजे तुमची ओहोटी. आईंना चालायला ओली घट्ट वाळू हवी, ती सुकतीलाच मिळते. कोरड्या वाळूत गुडघ्यांचे हाल होतात.

पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त वर येते, तशी सुकतीही जास्त आत जाते. तुम्ही पौर्णिमेनंतर येताय ना? मग सकाळी आठ-नऊचा किनारा तुमचा.

भुईकोट
9 सप्टेंबर, सायंकाळी 6:22

मास्तर, दहावीला तुम्ही असता तर पास झालो असतो.

पंचांगी
9 सप्टेंबर, रात्री 9:00

पितृपक्षात प्रवास वर्ज्य आहे असं कुठं आहे? शुभकार्य करत नाहीत, नवीन खरेदी टाळतात. आईला समुद्र दाखवणं हे शुभकार्य नाही का, असा वाद कुणी घालू नये म्हणून आधीच सांगतो: तुमच्या घरच्या तिथीला घरी असा, म्हणजे झालं.

कांडीवाला
9 सप्टेंबर, रात्री 9:20

वडिलांची तिथी दशमी. त्याच्या आधी परत येतोय. 27 ला निघतो, 1 ऑक्टोबरला घरी. 2 तारखेच्या सुट्टीला पुण्या-मुंबईकडून लोंढा येईल म्हणे, त्याच्या आधी सटकायचं.

ओली_वाळू
9 सप्टेंबर, रात्री 9:41

त्या तारखांत मंगळवारी संकष्टी येते, म्हणजे अंगारकी. गणपतीपुळ्याचा विचार असेल तर सोडा, पाय ठेवायला जागा मिळणार नाही. मालवण-तारकर्लीच बरं.

शेंगाचटणी
10 सप्टेंबर, सकाळी 6:55

कडक भाकरी आणि चटणी घेतल्याशिवाय निघू नका. तिकडं दमट हवा, कडक भाकरी दोन दिवसांत मऊ पडते. डब्यात कागद घालून घट्ट बंद करा. आणि होमस्टेवाल्यांना चटणीचं एक पाकीट द्या. मग बघा बांगडा किती मोठा येतो ताटात.

कांडीवाला
4 ऑक्टोबर, सायंकाळी 5:30

आलो. मंडळी, सगळं लिहितो, लांबेल.

रविवारी एसटीनं कोल्हापूर. आईनं कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं आणि त्यानं शून्याचं तिकीट फाडून दिलं ते तिनं बटव्यात ठेवलंय, अजून आहे. कोल्हापुरात मुक्काम केला तो शहाणपणा झाला, एका दमात बारा तास तिला जमले नसते. अंबाबाईचं दर्शन झालं. सोमवारी सकाळी मालवणची गाडी, फोंड्याहून. दाजीपूरला धुकं इतकं की मुलगी म्हणाली बस उडतेय. गवा दिसला नाही. घाट उतरल्यावर खिडकीतून येणारी हवाच बदलली, अंगाला चिकटणारी. आई म्हणाली, "मांडीवरचं लुगडं ओलं का लागतंय?"

तारकर्लीला उतरलो तेव्हा दुपारचे तीन. घर नारळीच्या बागेत, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. आता ऐका. आईनं पिशवी खाली ठेवली, कान दिला आणि विचारलं, "इथं कारखाना कुठला चालू आहे?"

मला क्षणभर समजेना. मग लक्षात आलं. वीस-पंचवीस माग एकत्र चालू असले की गल्लीच्या टोकाला जो आवाज येतो, खटखट नाही, नुसती घरघर, तसा तिला तो ऐकू आला. घरमालकीण काकूंनी सांगितलं, "मावशी, तो समुद्र." आई म्हणाली, "रात्री बंद करत नाहीत?"

काकू हसून हसून खाली बसल्या. पण एक सांगतो, घरी तिला झोपेची गोळी लागते. तिथं तीन रात्री गोळी घेतली नाही. चाळीस वर्षं मागांच्या आवाजात झोपलेली बाई, आमच्या गल्लीतले कारखाने एकेक करत बंद झाले तशी तिची झोप गेली होती. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

संध्याकाळी पाऊस आला, घाटमाथ्यावर_चहा यांनी सांगितला होता अगदी तसा, डोंगराकडून, विजांसकट. लाईट गेली ती रात्री अकराला आली. पहिल्या दिवशी समुद्र बघितलाच नाही.

भुईकोट
4 ऑक्टोबर, सायंकाळी 5:44

चारशे किलोमीटर जाऊन समुद्र ऐकून आला. पुढं लिही बे.

कांडीवाला
4 ऑक्टोबर, रात्री 9:10

मंगळवार सकाळ. मास्तरांच्या पाढ्यानं तिथीचा हिशेब लावला, साडेआठला निघालो. सुकती होती, वाळू घट्ट. आई माझ्या खांद्याला धरून. किनाऱ्यावर एक कुत्रं आणि आम्ही. पाणी निळं नव्हतं, खरं सांगतो, चहात दूध जास्त पडल्यावर होतो तसा रंग, लांबवर हिरवट. आईनं काही म्हटलं नाही. खाली वाकता येत नाही म्हणून मुलीला ओंजळीत पाणी आणायला लावलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. "हे खरंच खारट आहे," म्हणाली. इतकी वर्षं नुसतं सांगितलेलं तिनं धरून चाललं होतं बहुतेक.

थोडं पुढं रापण लागलेली. दोर किनाऱ्यावर येत होता, बायका-पुरुष दोन्हीकडून ओढत होते. मुलगी दोराला लटकली. आईला एका उलट्या होडीच्या सावलीत बसवलं. तिथं एक आजोबा फाटकं जाळं सांधत बसलेले, चपटी सुई, तिला दोरा गुंडाळलेला. आई त्यांच्या हाताकडं बघत बसली. दहा मिनिटं. मग म्हणाली, "थांबा, परत करा."

त्यांनी परत केलं. आईनं त्यांच्याकडून दोऱ्याचे दोन तुकडे मागून घेतले आणि गाठ मारली. ज्यांनी माग बघितलाय त्यांना माहीत आहे, धागा तुटला की कामगार ज्या चपळाईनं सांधतो ती गाठ. एका टोकाचा फास, दुसरं टोक खालून वर, मागून फिरवून आपल्याच खाली. ती बोटांनी होते, बघून नाही. आजोबांनी गाठ उलटी केली, सुलटी केली, आपल्या जाळ्यावरची शेजारी धरली. तीच. जाळ्याचा प्रत्येक डोळा त्याच गाठीवर उभा. "मावशी, ही तर आमची गाठ," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुमची कुठली, मागावरची आहे."

दोघं बराच वेळ बोलले. त्यांची मालवणी आणि आईची तेलुगू वळणाची सोलापुरी, निम्मं एकमेकांना कळलं नसेल. तिनं त्यांचं हातभर जाळं सांधून दिलं. सुई तिच्या हाताला बसेना, नुसत्या बोटांनीच केलं.

रापण वर आली तेव्हा वाळूवर चांदी सांडल्यागत बांगडे आणि तारली तडफडत होती. ज्यानं दोराला हात लावला त्याला मूठभर मिळतात. मुलीला दोन. आईला आजोबांनी आठ दिले, जाळ्याची मजुरी म्हणून. आणि त्या दिवशी अंगारकी! आईचा निर्जळी नाही पण कडक उपास. आठ बांगडे पदरात धरून घरी आली, आंघोळ केली, आणि चंद्राची वाट बघत बसली. चंद्र ढगात. शेवटी काकूंच्या कॅलेंडरवर छापलेली वेळ बघून सव्वाआठच्या पुढं उपास सोडला, वरण-भातावर. बांगडे काकूंच्या फ्रीजमध्ये. लाईट जाऊ नये म्हणून मी गणपतीलाच साकडं घातलं.

बुधवारी नेमका त्यांचा म्हाळ. हे आम्ही फोनवर विचारलं होतं, त्यांनीही सांगितलं होतं. पण बाहेर जेवू दिलं नाही. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, पंगतीत आम्हालाही बसवलं. बांगडे मग गुरुवारी पहाटे साडेपाचला तळले, नाश्त्याला, गाडी पकडायच्या आधी. तिरफळ घातलेलं वाटण होतं. आईनं तीन खाल्ले.

किल्ला झाला नाही. बुधवारी दुपारी जेटीवर गेलो, वाऱ्यामुळं होड्या बंद. मुलगी रडवेली झाली. तिला पुस्तकातलं पाठ होतं: 1664 ला बांधकाम सुरू, 1667 ला पूर्ण, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आई किल्ल्याकडं बघत म्हणाली, "भर समुद्रात महाराजांना गोडं पाणी सापडलं. आपल्याला उजनीहून आणायला जमंना." आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले.

अक्कूबाई
4 ऑक्टोबर, रात्री 9:32

गाठीचं वाचून अंगावर काटा आला. माझे सासरे जुन्या मिलमध्ये होते, आत्ता उठून त्यांना दोरा दिला. डोळे मिटून मारली.

खर्च किती आला ते लिहा. आणि फोटो मागितला होता का?

कांडीवाला
4 ऑक्टोबर, रात्री 9:50

फोटो मागितला. बारा मिनिटांत आला, त्यात काकूंचं मांजर पण होतं. आगाऊ 1,000 च दिले.

हिशेब: तारकर्ली तीन रात्री 3,600. कोल्हापूरचा लॉज 900. चौघांचं एसटीचं जाऊन-येऊन 2,650. खाणं-पिणं साधारण 5,000. रिक्षा 1,100. खाजा, कोकमं, तिरफळं 700. एकूण 13,950. हीच खोली दिवाळीत 3,000 ला जाते असं काकूंनीच सांगितलं.

चुकलेलं सांगतो. छत्र्या नेल्या, रेनकोट नाही. समुद्राच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आमच्या दोन गेल्या. कपडे तीन दिवस वाळले नाहीत, आईची लुगडी ओलीच पिशवीत भरून आणली. डासांची अगरबत्ती न्या. आणि बॅटरी.

कडक भाकरी खरंच मऊ पडली, दुसऱ्याच दिवशी. चटणी काकूंना दिली. त्यांनी ती सोलकढीबरोबर खाल्ली, मी काही बोललो नाही.

शेंगाचटणी
4 ऑक्टोबर, रात्री 9:58

डब्यात कागद घातला होता का?

कांडीवाला
4 ऑक्टोबर, रात्री 10:01

नाही.

शेंगाचटणी
4 ऑक्टोबर, रात्री 10:02

मग.

विजापूर_वेस
5 ऑक्टोबर, सकाळी 7:40

आत्ताच सगळा धागा वाचला. आम्ही दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी जायचं म्हणतोय, पाच जण. तेव्हा कसं असेल? मास्तर आहात का?

सड्यावरचा_मास्तर
5 ऑक्टोबर, सकाळी 8:15

आहे. दसऱ्यानंतर पाऊस बहुतेक सरलेला असतो, होड्या जास्त भरवशाच्या, पाणी निवळायला लागतं. पण उकाडा जबर. मे परवडला म्हणाल असा ऑक्टोबर आमच्याकडे पडतो, त्यामुळे अकरा ते चार घरात. आणि तेव्हा भाताची कापणी असते. निम्मे होमस्टेवाले विळा घेऊन शेतात, दुपारचं जेवण उशिरा मिळेल किंवा डब्यात झाकून ठेवलेलं मिळेल. विचारून घ्या. मालवणहून कुडाळच्या वाटेवर धामापूरचं तळं आहे, 1530 चं, काठावर भगवतीचं देऊळ. दुपार तिथं काढा, गार असतं.

कांडीवाले, त्या आजोबांना मी ओळखतो. काल बाजारात भेटले. जाळ्याचा तो हातभर तुकडा तसाच ठेवलाय म्हणाले, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा आहे म्हणून ओळखू येतो.

कांडीवाला
5 ऑक्टोबर, सकाळी 8:40

आईला वाचून दाखवलं. म्हणते, "घट्ट राहिलीय का, तेवढं विचार."